मोहाखालची राख

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बारा वाजता तुमसरच्या एका बिअर बारमध्ये मोहाच्या सोड्याच्या चोवीस बाटल्या बर्फात ठेवण्यात आल्या. बाटल्या गोटीच्या होत्या, जाड हिरव्या काचेच्या. दोन वाजता सोडावाला रिकाम्या बाटल्या न्यायला आला. त्याने मोजल्या तेव्हा तेवीसच निघाल्या. बर्फाच्या टबात काही उरलं नव्हतं. चोविसावी टेबलाखाली नव्हती, फ्रीजमागे नव्हती, मोरीतही नव्हती.

मी तिथे होते याचं कारण साधं आहे. नागपूरच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीला उन्हाळ्यासाठी लेख हवा होता: लहान शहरात लोक काय पितात. मी तुमसर मागून घेतलं. तिथून जवळच आंबागडला माझी आत्या राहते, हे संपादकांना सांगितलं नाही.

मार्चमध्ये तीन दिवस मी तुमसरमध्ये पीत फिरले. बसस्थानकासमोर गोटी सोडा मिळतो. अंगठ्याने गोटी आत ढकलली की बाटली आधी शिट्टी मारते आणि मग तिच्या तोंडातून थंड वाफ निघते. रसवंतीच्या चरकाला अजून घुंगरं बांधलेली आहेत. वीज आल्यापासून चरक बैल ओढत नाही, पण घुंगरं काढावीत असं कोणाला वाटलेलं नाही. अंबाडीच्या बोंडांचं सरबत शाळेतल्या लाल शाईसारखं दिसतं आणि जिभेवर तितकाच डाग ठेवतं. तहसीलच्या भिंतीला टेकून एक बाई माठातलं आंबील विकते. वर कांद्याची चिमूट आणि मिरची. मी दुसरा पेला मागितला तेव्हा ती म्हणाली, "सावकाश पे माय. तहसील पाच वाजेपर्यंत उघडीच राहते."

पाचवं ठिकाण दिलीपभाऊंचा बार. दारावर 'क्राफ्ट बिअर' अशी पाटी आहे. पिंपं नागपूरहून टेम्पोतून येतात आणि काउंटरवर पितळेचे तीन नळ आहेत. मला पडदा लावलेल्या फॅमिली केबिनमध्ये बसवण्यात आलं. एक बिअर गव्हाची होती, तिच्यात संत्र्याच्या सालीचा वास होता. दुसरी आल्याची. तिसरी काळी, जळक्या कॉफीच्या चवीची. तिन्ही चांगल्या होत्या आणि नोंदवहीत मी तसं लिहिलं.

"लिवा, लिवा," दिलीपभाऊ म्हणाले. "पण मॅडम, बिअर नागपूरची, पिंप नागपूरचं. याच्यात माझं काय आहे? नळ माझा आहे."

त्यांना कार्डावर इथलं एक पेय हवं होतं. बिनदारूचं, फेसाचं, पण इथलं. ते बनवायचं काम आंबागडच्या आठ बायकांच्या बचत गटाने घेतलं होतं. गटाची प्रमुख प्रतिमा, म्हणजे माझ्या आत्याची सून, माझी वहिनी. वाळलेल्या मोहफुलांचा अर्क ती घरी काढायची आणि बसस्थानकासमोरचा सोडावाला त्यात गॅस भरून बाटलीला गोटी बसवून द्यायचा.

दिलीपभाऊंनी परीक्षक नेमले होते. चिखल्याच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झालेली चार माणसं रोज दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावर बसतात. त्यांच्यात बाबूरावजी सगळ्यांत ज्येष्ठ. ते बोलले की बाकीचे तिघे मान हलवतात. मी होते त्या दिवशी तिसरी चाचणी होती. बाबूरावजींनी पेला उन्हात धरून पाहिला, घोट घेतला, पेला खाली ठेवला.

"गोड आहे," ते म्हणाले. "साफ आहे. पण मोह नाई."

"नाई," बाकीचे तिघे म्हणाले.

"मोह नाई तं काय आहे मग?" वहिनीने विचारलं. ती सोड्याचं खोकं कमरेला लावून उभी होती.

"ते मले कायले इचारतेस? बनवलं तूनं."

दिलीपभाऊंनी तिला बाजूला घेतलं. नवं कार्ड एप्रिलच्या मध्यात छापायला जाणार होतं. आणखी एक संधी आहे, ते म्हणाले, मग त्या ओळीत लिंबू सोडा टाकतो. वहिनीने मान डोलावली. परतीच्या बसमध्ये तिने उरलेलं सांगितलं. गटातल्या पाच जणी थकल्या होत्या. चौथ्यांदा जमलं नाही तर यंदाची फुलं पोत्यांत भरून नेहमीच्या व्यापाऱ्याला द्यायची आणि बाटलीचा नाद सोडायचा, असं ठरलं होतं.

"मले सोडाचं नाई आहे ताई," ती म्हणाली. आंबागड आलं तशी खोकं कमरेला लावून उतरली.

आत्या अंगणात सूप घेऊन बसली होती. तिचं नाव पार्बता. वय तिने कधी सांगितलं नाही. तिने मला पाहिलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "आली का बाई? पेपरात काय लिवून राहिली आता?"

"लोक काय पितात ते."

"हे लिवाची गोष्ट आहे का? तहान लागली का पेतेत."

त्या घरात मी पाच उन्हाळे काढले. सातवं वर्ष ते अकरावं. त्या उन्हाळ्यांची सुरुवात नेहमी एकाच वासाने व्हायची आणि तो वास किल्ल्याच्या टेकडीकडून यायचा. गोड, जड, थोडा उबलेला. पहिल्या दिवशी नाकाला नको व्हायचा आणि चौथ्या दिवशी जाणवेनासा व्हायचा. मोहाला पानं नसतात तेव्हा फुलं येतात. फूल म्हणजे पाकळ्यांचं फूल नव्हे, फिकट पिवळा, मांसल, बोराएवढा पोकळ मणी. तो पहाटेपासून गळायला लागतो. पाचोळ्यावर पडला तर आवाज होतो, साफ जमिनीवर पडला तर होत नाही.

झाडांना नावं होती. वाकडा, जुळा, पाटाचा, बहिरा. बहिरा मोह आत्याचा होता. त्याला बहिरा का म्हणायचे ते मी विचारलं नाही. जंगल सगळ्यांचं, पण झाड एकेका घराचं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नसे. आम्ही अंधार निवळताना निघायचो. आत्या पुढे, तिचे यजमान फुफाजी मागे, मध्ये आम्ही चार पोट्टे आणि बांबूच्या टोपल्या. टेकडीच्या पायथ्याला लागलं की आत्या मोठ्याने बोलायला लागायची. आमच्याशी नाही, अस्वलाशी. अस्वलालाही मोह लागतो आणि ते आमच्याआधी उठतं.

"आम्ही आलो गा," आत्या ओरडायची. "तुयं खाऊन झालं असंल तं जाय आता. पोट्टे आहेत संगं."

आम्ही हसू दाबायचो. अस्वल मी कधी पाहिलं नाही. एकदा ओल्या मातीत पाऊल पाहिलं, माणसाच्या पावलासारखं, फक्त नखं असलेलं. फुफाजींनी त्यावर आपलं पाऊल ठेवून मापलं आणि म्हणाले, "माह्याच मापाचा आहे."

घरी आलं की फुलं अंगणात पसरायची. दिवसभर त्यांचा रंग उतरत जायचा, पिवळ्याचा विटकरी, विटकरीचा तपकिरी, आणि चौथ्या दिवशी ती मनुकांसारखी सुरकुतायची. बोटं चिकट, ओठ चिकट, मधमाश्या पायांभोवती. भाजलेली फुलं तीळ घालून उखळात कुटली की त्याचे लाडू व्हायचे आणि ते दातांना चिकटायचे. फुफाजी संध्याकाळी कुठेतरी जाऊन वेगळं मोह पिऊन यायचे. त्याबद्दल घरात कोणी काही म्हणत नसे. त्या दिवशी ते गाणी जास्त म्हणायचे एवढंच आम्हाला माहीत होतं.

आमचं मोह माठात असायचं. वाळलेली फुलं रात्री भिजवायची, सकाळी उकळायची, फडक्यातून गाळायची. चवीला मीठ आणि सुंठ. दुपारी ऊन पत्र्यावर वाजायला लागलं की आत्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पेल्यांत ते ओतायची. त्याला नाव नव्हतं. "थंड देऊ का?" असं ती विचारायची आणि आम्ही पेला रिकामा करून लगेच पुढे करायचो. ती दुसऱ्यांदा द्यायची. तिसऱ्यांदा कधीच नाही.

वहिनीची बाटली मी आत्याच्या अंगणात बसून पुन्हा प्यायले. मनुका, मध, सुंठ, ओलं गवत, असं नोंदवहीत लिहिलं. पेय उत्तम होतं. बाबूरावजींचंही बरोबर होतं. काय नाही ते सांगता येत नव्हतं. आत्याने घोटभर घेतलं आणि पेला सरकवला.

"शहरातलं वाटते," ती म्हणाली.

"तुमच्याच झाडाचं आहे आई," वहिनी म्हणाली. "तुम्ही सांगतलं तसंच केलं. भिजोलं, उकळलं, गाळलं."

"मी कायी म्हटलं का? चांगलं आहे म्हटलं."

"शहरातलं म्हटलं."

"शहरातलं चांगलं राहत नाई का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघी बहिऱ्या मोहाकडे गेलो. आत्या अजूनही मोठ्याने बोलते, फक्त आता दम लागतो म्हणून मध्ये थांबते. झाडाखाली हिरवी जाळी बांधलेली होती. चार कोपरे चार खुंट्यांना, कमरेएवढ्या उंचीवर. रात्रभर पडलेली फुलं तिच्या झोळात साचली होती. एकही जमिनीला लागलेलं नव्हतं. वहिनीने एक कोपरा सोडला आणि फुलं घरंगळत टोपलीत गेली. पूर्वी ज्या कामाला सकाळ जायची ते पंधरा मिनिटांत झालं. मी चप्पल काढून जुन्या सवयीने झाडाभोवती अनवाणी फिरून आले.

घरी पोचल्यावर दगडावर पाय धुवायला गेले आणि तळवा वर केला. स्वच्छ होता. थोडी माती, बाकी काही नाही.

त्या पाच उन्हाळ्यांत मोहावरून आल्यावर माझे तळवे रोज कोळशासारखे काळे असायचे. आत्या दारातच अडवायची. "पाय दाखवा," म्हणायची, आणि आम्ही एका रांगेत घोड्यासारखे पाय मागे उचलून उभे राहायचो. दगडावरून काळं पाणी वाहायचं. फुलं गळायला लागण्याआधी एक दिवस अख्खं गाव टेकडीला जायचं आणि आपापल्या झाडाखालचा पाचोळा झाडून, गोळा करून, जाळायचं. हातात ओल्या फांद्या, शेजारी पाण्याच्या घागरी, आग दुसऱ्याच्या झाडाकडे जाऊ नये म्हणून. संध्याकाळी प्रत्येक मोहाखाली एक काळं वर्तुळ असायचं आणि पहाटे त्या काळ्यावर पिवळी फुलं. अंधारात दिसायला सोपी. पहिल्या पहाटे राख अजून कोमट असायची. हात घालून फूल उचललं की बोटांना ऊब लागायची.

मी ओल्या पायांनी अंगणात आले आणि विचारलं, "आता खाली जाळत नाहीत का?"

"जाळी आली ना," वहिनी म्हणाली. "अन् वनरक्षक जाळू देत नाईत. आग जंगलात जाते."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "अर्धा जलम माहा राख पाखडण्यात गेला."

"आत्या, कमी आहे ती राखच तर नसेल?"

आत्याचं सूप थांबलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग सासूकडे, मग टोपलीकडे.

"माह्या मोहात राख नोयती," आत्या म्हणाली. "साऱ्या गावाले इचार. पार्बताच्या मोहात राखेचा कण भेटला नाई कधी. लोकाईचं मोह दाताखाली कचकच करे. माहं नाई."

"कण नसेल. वास राहत असेल."

"आता पेपरात लिव तू. आत्या आमाले राख पाजे म्हणून."

ती उठून आत गेली. दुपारच्या जेवणाला तिने मला वाढलं, भात दोनदा घातला, तोंड मात्र भिंतीकडे ठेवून.

वहिनी त्याच दिवशी कामाला लागली. मागच्या अंगणात घमेल्यात मोहाची पानं पेटवली आणि वर चाळणीत ताजी फुलं धरली. धूर इतका झाला की शेजारची बाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय वो, घर जाळून राहिली का सासूले?" त्या फुलांचा अर्क आम्ही दोघींनी चाखला. बिडीची चव होती. दुसऱ्या वेळी तिने पानं ओली घेतली. ती बिडी ओली झाल्यासारखी लागली.

आत्या मागच्या दारात पाठ करून बसली होती. तिसऱ्यांदा काडी ओढल्याचा आवाज आला तेव्हा ती न वळता म्हणाली, "ओले पानं कायले टाकतेस? वाळले घे."

वहिनीने वाळलेली घेतली.

"अन् जाळावर नोको धरू. तिथी आगीवर फुलं पडत होते का? आग इझून जाये. मंग पडत."

"मंग किती वेळानं ठेवू?"

"हात लावून पाह्य. हात ठेवता आला पायजे."

वहिनीने आग विझू दिली, राख पसरली, तळवा ठेवून पाहिला, उचलला, थांबली, पुन्हा ठेवला. मग फुलं थेट राखेवर पसरली. संध्याकाळपर्यंत ती तिथेच राहिली. उचलली तेव्हा प्रत्येक फुलावर करडा थर होता, आणि पोकळ मण्याच्या आतही. वहिनीने सूप घेतलं आणि पाखडायला लागली. राख उडून तिच्याच केसांत गेली, फुलं अंगणभर झाली.

आत्या अखेर वळली. तिने वहिनीचं ध्यान पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मग तिने हात पुढे केला.

"आण इकडं. सूप धराची अक्कल नाई, निंघाल्या बाटल्या इकाले."

ती वाऱ्याकडे पाठ करून बसली. सूप एकदा उडवलं, दोनदा, मग मनगटाला एक छोटा झटका दिला. तो मी चाळीस वर्षांपूर्वी रोज पाहिला होता आणि त्या क्षणापर्यंत विसरले होते. राख एका रेषेत पुढे गेली. फुलं जागच्या जागी पडली. अंगणात तो वास आला. गोड, जड, आणि त्याच्या मागे जळून गेलेल्या पाचोळ्याचा, कोरडा, कोमट. वहिनीने फूल उचलून जिभेवर ठेवलं. दाताखाली काही कचकचलं नाही.

"आई," ती म्हणाली.

"राखेचं नाव नोको काढू," आत्या म्हणाली.

पुढचे दहा दिवस आठही बायका त्या अंगणात होत्या. पानं वाळवणं, आग विझवणं, फुलं पसरणं त्यांनी वाटून घेतलं. पाखडण्याचं काम आत्याने दुसऱ्या कोणाला दिलं नाही. चार जणींना शेजारी बसवून मनगट कसं फिरवायचं ते मात्र ती दाखवत होती. त्यांचं चुकलं की नाव घेऊन सांगत होती आणि प्रत्येक चुकीला सगळ्या हसत होत्या, जिचं चुकलं तीही. मी नागपूरला परत गेले आणि एप्रिलच्या त्या शनिवारी पुन्हा आले.

आत्या बारमध्ये येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. ती आली. नवं लुगडं, हातात कापडी पिशवी. दिलीपभाऊंनी तिला फॅमिली केबिनकडे नेलं तेव्हा तिने पडदा बाजूला करून बांधून टाकला. "मले दिसलं पायजे," ती म्हणाली. गटातल्या बाकी बायका तिच्या मागे दाटीवाटीने बसल्या. काउंटरवरचे तिन्ही पितळी नळ पाहून एक जण म्हणाली, "एवढं पाणी नगरपालिकेनं द्याले पायजे."

बाबूरावजींची बाटली दिलीपभाऊंनी स्वतः फोडली. गोटी आत गेली, शिट्टी झाली. बाबूरावजींनी पेला उन्हात धरला नाही. नाकाशी नेला आणि तिथेच ठेवला. मग घोट घेतला. बाकीचे तिघे त्यांच्याकडे पाहत होते. वहिनी खोक्याला धरून उभी होती.

त्यांनी दुसरा घोट घेतला. मग विचारलं, "कोनाच्या झाडाचं आहे गा हे?"

आधीच्या तीन वेळा हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता.

"आमच्या," वहिनी म्हणाली. "बहिऱ्या मोहाचं. आंबागडचं."

"तरीच," बाबूरावजी म्हणाले आणि पेला पुढे केला. बाकीच्या तिघांनीही केला. त्यांच्यातल्या एकाने, ज्याचा आवाज मी तोवर 'नाई' एवढाच ऐकला होता, आपल्या आईच्या झाडाचं नाव सांगितलं. मग दुसऱ्याने सांगितलं. पुढचा अर्धा तास त्या टेबलावर झाडांचीच नावं चालली होती आणि काउंटरवरचा मुलगा बाटल्या फोडत होता. बिअर प्यायला आलेल्या दोन बँकवाल्यांनीही एकेक घेतली.

आत्याला वहिनीने काचेच्या पेल्यात दिलं. तिने एक घोट घेतला, पेला टेबलावर ठेवला आणि तोंड पुसलं.

"कसं आहे आई?"

"बरं आहे," आत्या म्हणाली. "थंड आहे."

दीड वाजता दिलीपभाऊंनी छापखान्यात फोन केला. चौथ्या ओळीत तात्पुरता लिंबू सोडा टाकलेला होता, तो पाचव्या ओळीत गेला. चौथ्या ओळीत 'मोह सोडा, आंबागड' असं लिहायचं ठरलं. दोन वाजता सोडावाला आला आणि त्याने बाटल्या मोजल्या.

शोध अर्धा तास चालला. मग बसची वेळ झाली आणि आम्ही आंबागडला आलो. आत्याने पिशवी खुंटीला अडकवली आणि पाय धुवायला दगडावर गेली. वहिनीने पिशवी खाली काढली. आत चष्म्याची डबी, बसची दोन तिकिटं आणि हिरव्या काचेची एक बाटली होती. गोटी आत गेलेली होती. बाटली रिकामी होती.